लाल गोळ्यांचा अडतिसावा हात

आमच्या ताईला बसता येत नसे. म्हणजे पाय धड, कंबर धड, पण बूड म्हणून टेकायचं नाही. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठणार, खिडकी लावून येणार, आणखी दोन घास, मग मीठ आणायला उठणार. मीठ समोरच असायचं. आई म्हणायची, "या पोरीला जन्मताना कुणीतरी चावी देऊन ठेवलीय, ती संपता संपत नाही." कारखान्यात तर तिला भिंगरीच म्हणत. नवीन माणसाला तिचं खरं नाव कळायला वर्ष लागायचं, आणि कळलं की तो म्हणायचा, "छे, भिंगरीच बरं."

कारखाना आमचा रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांचा. आत चॉकलेटचा चपटा दाणा, वर साखरेचं कडक कवच, त्यावर रंग, त्यावर मेणाची चमक. खाणाऱ्याला वाटतं साच्यातून टपाटप पडत असतील. पडतात डोंबल! तांब्याचा मोठा तिरका ड्रम असतो, तोंड उघडं ठेवून तिरप्या धरलेल्या हंड्यासारखा. तो फिरत राहतो. त्यात दाणे टाकायचे आणि वरून ओगराळ्याने साखरेचा पाक सोडायचा, जेमतेम ओले होतील इतकाच. मग वारा द्यायचा, सुकू द्यायचं, आणि पुन्हा पाक. या एका थराला आम्ही हात म्हणतो, भिंतीला रंगाचा हात देतात तसा. एका गोळीला चाळीस-चाळीस हात लागतात. घाई केली तर ओल्यावर ओलं बसतं, उशीर केला तर दाणे एकमेकांवर घासून भुगा सुटतो. आणि पाक ओला असताना ड्रम थांबला, तर संपलंच सगळं. पाऊण मण गोळ्यांचा एकच दगड.

हे काम ताईने एकतीस वर्षं केलं. न बसणारं माणूसच लागतं त्याला.

कुणी पाहुणे कारखाना बघायला आले की साहेब त्यांना ताईकडे धाडत, कारण तिला या धंद्याचा सगळा इतिहास पाठ. सांगायची तीही चालता चालता, पाहुण्यांची धावपळ व्हायची. "हे चॉकलेट-बिकलेट कालचं हो," ती म्हणायची. "त्याच्याआधी कितीतरी वर्षं औषधं विकणारे लोक बिया नि बदाम साखरेत घोळवायचे. शेगडीवर साखळीने टांगलेली परात, आणि एक माणूस दिवसभर ती झुलवत उभा. त्याचे दंड कसले असतील बघा! मग फिरता ड्रम आला. मग कुणाला तरी वाटलं, चॉकलेट मेलं हातात धरवत नाही, लगेच पाघळतं, तर त्यालाही हाच अंगरखा घालू. लढाईवरच्या शिपायांच्या खिशातून गेलं ते उन्हातान्हात, आणि तसंच्या तसं राहिलं."

मग ती मूठभर गोळ्या पाहुण्यांच्या लेकराच्या हातावर ठेवायची आणि बघत राहायची. सगळी लेकरं तेच करतात. आधी रंगांची रांग लावतात, नावडता रंग आधी खातात, आवडता शेवटी. चव सगळ्यांची एकच, हे मला विचारा, मी वीस वर्षं पॅकिंगच्या टेबलावर होते. तरी आमच्या टेबलावरच्या निम्म्या बायका शपथेवर सांगतील की लाल जास्त गोड असते. मी स्वतः पन्नाशी उलटून गेल्यावरही हिरवी शेवटाला ठेवते, आता बोला.

आम्ही दोघी एकत्रच राहायचो. ताईने लग्न केलं नाही. माझा संसार तीन वर्षांत आटोपला आणि मी पिशवी घेऊन तिच्या दारात आले. दोन खोल्या, तिसरा मजला. तिने काही विचारलं नाही, नुसती म्हणाली, "धाकटे, उजवीकडचं कपाट तुझं." कारखान्यात चिकटवलं तेही तिनेच. तिच्या उपकारांचा हिशोब मांडत नाही, पण ते विसरूनही पुढचं सांगता येणार नाही.

तर एके सकाळी गजराचं घड्याळ वाजायला लागलं, ते वाजतंच राहिलं. मी चिडून उठले. बघते तर ताई घड्याळाशेजारी उभी राहून केस विंचरतेय. शांतपणे. ते बारीक टिटि-टिटि तिच्या कोपराखाली चालू होतं.

"ताई, बंद कर की गं ते!"

माझं तिला ऐकू आलं. घड्याळाचं आलं नव्हतं. तिने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "बंदच करत होते." चोराच्या मनात चांदणं. मी आठ दिवस पिच्छा पुरवला, तेव्हा कबूल झाली. कानाच्या डॉक्टरकडे ती गुपचूप जाऊनही आली होती. माणसांचं बोलणं ऐकू येतं, पण बारीक, उंच आवाज गेलेत आणि परत यायचे नाहीत. एकतीस वर्षं ड्रमांच्या गलक्यात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? कानात घालायला कापूस मिळायचा, पण हिने कधी घातला असेल तर शपथ. म्हणायची, कान झाकले तर काम कशाने करू?

खरंच होतं ते. हात सुकला की नाही, हे ती कानाने ओळखायची. गोळ्या ओल्या असल्या की ड्रममधून थबथब येतं. सुकत आल्या की वाळूतून चालल्यासारखं खसखस. आणि पुरत्या सुकल्या की कोरडी, बारीक खणखण. ती खणखण आली की पुढचा हात ओतायचा. तिला आता तेवढी खणखणच ऐकू येत नव्हती.

"मग काम कसं चालवतेस?"

"हात घालून बघते मधूनमधून. अंदाजाने." ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. "साहेबांना कळलं तर मला पॅकिंगला बसवतील गं. स्टुलावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी. मला बसवलं की मी संपले, धाकटे. मला मारलं तरी चालेल, बसवू नका."

हे ती रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती चालता चालता म्हणाली, दारापर्यंत जाऊन परत येत, म्हणून मला तिची कीव आली. मीच सुचवलं. अळीमिळी गुपचिळी. तिने मोठ्या साहेबांना सांगितलं, साखरेची पोती उचलून माझी पाठ गेलीय, मदतीला धाकटीला द्या. साहेबांनी दिलं. तेव्हापासून मी तिच्या मागे उभी. ड्रम खणखण वाजायला लागला की मी तिच्या पाठीवर एक थाप द्यायची. थाप मिळाली की ती ओतायची. बाकी तेच हात, तेच ओगराळं, तोच वेग. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही. उलट साहेब म्हणाले, "भिंगरीबाई, तुमचा माल हल्ली आणखी सुबक येतोय."

पण माझ्या जिवाची काय घालमेल व्हायची, ते माझं मला ठाऊक. पॅकिंगमध्ये कसं, हात चालवा, तोंड चालवा, दिवस सरतो. इथे बोलायचं नाही, हलायचं नाही, कान लावून उभं राहायचं. एका हाताला सात मिनिटं, कधी दहा. चाळीस हात. माझ्या पोटऱ्या दुखायच्या, कानात गुंजायचं, आणि घरी आले तरी पंखा नीट सुकलाय की ओला आहे असले मूर्ख विचार डोक्यात यायचे. शिवाय शिफ्टवाले साहेब. ते फेरी मारायला आले की मला रिकामी उभी बघायचे.

लाल गोळ्यांच्या त्या दिवशी ते दोनदा आले. पहिल्यांदा नुसतं बघितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "काय बाई, नुसत्या उभ्या राहायचा पगार मिळतो वाटतं?" मी दात काढून हसले आणि उगाच एक रिकामं पोतं घडी करून ठेवलं. मोठी ऑर्डर, गडद लाल, आणि लाल रंग मोठा नाठाळ, जरा ओल राहिली की डाग धरतो. अडतिसावा हात चालू होता. ड्रम अजून खसखस वाजत होता, वाळूसारखा. आणि जाळीच्या दारातून मला साहेबांचे बूट पुन्हा येताना दिसले.

मला वाटलं, थाप देऊन टाकावी आणि पोतं उचलायला पळावं. दोन मिनिटांनी काय जग बुडतंय?

मी थाप दिली.

ताईचा डावा हात ड्रममध्ये होता. ती जरा थबकली. मग तिने हात काढला आणि ओतलं. मी साखरेचं पोतं छातीशी धरून साहेबांच्या समोरून गेले, ते काही बोलले नाहीत, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी ती गोष्ट त्या दिवसापुरती विसरूनसुद्धा गेले.

त्यानंतरचे काही दिवस ताई बरीच बसायला लागली. घरी आली की खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. जेवताना उठायची नाही. मी आपली खूश. म्हटलं, वय झालं, आता तरी जरा दम खातेय. मी तिला उशी आणून दिली पाठीला.

दहाव्या दिवशी पाकिटं परत आली. दुकानदारांनी ढिगाने पाठवली. लाल गोळ्यांना आतून घाम सुटला होता, कवचावर डाग, आणि त्यांचा रंग शेजारच्या पिवळ्या नि पांढऱ्या गोळ्यांना लागलेला. सगळं पाकीट घाणेरडं दिसत होतं. कुणाचं लेकरू ते तोंडात घालणार?

मोठे साहेब खाली आले आणि थेट रंगाच्या खोलीत गेले. तिथे रंग मिसळणारे म्हातारे मामा होते. सगळेच त्यांना मामा म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरलेले. प्रत्येक रंगाचं वजन ते दोनदा करायचे आणि खडूने फळीवर लिहायचे. साहेब म्हणाले, "रंग जास्त पडलाय. तुमचा हात थरथरतो मामा, मी कधीचा बघतोय. या शुक्रवारपर्यंत या, सोमवारपासून नका येऊ."

मामा म्हणाले, "दोनदा मोजतो मी, साहेब."

एवढंच. फळीकडे बोट दाखवलं आणि ते बोट खरोखरच थरथरत होतं. आम्ही सगळे दाराशी गोळा झालो होतो. मी मनात म्हणत होते, बोल ना भवाने, बोल. नाही बोलले.

त्या दिवशी घरी ताई पुन्हा चालायला लागली. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. मला वाटलं, मामांच्या काळजीने. मी भाजी चिरत बसले होते आणि तिच्या पावलांनी माझं डोकं उठलं होतं. शेवटी मीच तोंड उघडलं, आणि काय बोलले ते आज सांगायलाही लाज वाटते.

"मामा तसेही आठ महिन्यांत जाणारच आहेत. तू तोंड उघडलंस तर तू कायमची जाशील. जरा व्यवहार बघ."

ती थांबली. "त्यांनी दोनदा मोजलं होतं," ती म्हणाली.

"मग? तुला काय करायचंय?"

"मी ओतलं ना ते."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं की ताई, थाप मी लवकर दिली, माझी चूक. शब्द तोंडाशी आले होते. पण मला वाटलं, ही तडक साहेबांकडे जाईल आणि माझी नोकरी जाईल. कोथिंबीर निवडायला घेतली मी. जुडीत चारच काड्या होत्या, त्या मी पाव तास निवडल्या.

दुसऱ्या दिवशी ती कामावर जाऊन आधी मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग, धावत.

"साहेब, रंग बरोबर होता. मी ओल्यावर ओतलं."

साहेब हसले. "तुम्ही? एकतीस वर्षांत कधी नाही ते?"

"मला ऐकू येत नाही आता. माणसं ऐकू येतात, ड्रम येत नाही. वर्ष झालं."

साहेबांना ते पटेना. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. त्यांनी तिला पाठ करायला सांगितली आणि पेनाने काचेवर टणटण वाजवलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. "वाजवा की साहेब," ती म्हणाली. "मी थांबलेय."

मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"मग इतके महिने चांगला माल कसा निघाला?" साहेबांनी विचारलं.

"हिच्या कानांनी. ही थाप देते, मी ओतते."

"आणि त्या दिवशी?"

ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "त्या दिवशी हिची वाट बघितली नाही. घाई केली मी."

झालं. मामांची नोकरी राहिली. ताईला पॅकिंगच्या स्टुलावर बसवलं, कारण धोक्याची घंटी ऐकू न येणारं माणूस मशीनजवळ ठेवत नाहीत, नियमच आहे. आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "कान तुमचे होते तर ड्रम आता तुम्हीच घ्या." पगार वाढवून दिला. पॅकिंगमधल्या बायका मला ऐकू जाईल अशा बोलल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली." खोटं थोडंच होतं?

ड्रम मला येत होता, नाही असं नाही. पण दर हाताला मी दोन मिनिटं जास्तच थांबायची. माझ्या मालाला भुगा सुटायचा. जेवायच्या सुट्टीत पॅकिंगच्या खोलीत डोकावलं की ताई स्टुलावर दिसायची, वरून शांत, आणि टेबलाखाली दोन्ही पाय शिवणयंत्रावर असल्यासारखे हलत असायचे. शेजारणी वैतागायच्या, टेबल हलतं म्हणून. ती खोकी उचलायला उठायची, तिला परत बसवायचे. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. "बसून पगार घेणं मला जमत नाही," म्हणाली. घरीच असायची मग. तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून दहादा खाली-वर करायची, कुणाचं दूध आण, कुणाचं पत्र टाक.

मला मात्र घास गोड लागेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. तिने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, मला माहीत होतं. तिला माहीत होतं हेही मला माहीत होतं. आणि दोघी एका ताटलीत जेवत होतो, "चटणी दे", "पाणी घे" करत. असं एक वर्ष गेलं. शेवटी एका रविवारी दुपारी ती खिडकीजवळच्या खुर्चीचं उसवलेलं कापड उभ्याउभ्याच शिवत होती, तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंड दिसेल अशी, म्हणजे तिला नीट कळावं.

"ताई, त्या दिवशी थाप मी लवकर दिली. साहेब येत होते म्हणून. गोळ्या ओल्या होत्या, मला ऐकू येत होतं तसं. तुझी चूक नव्हती."

"हो," ती म्हणाली. सुई चालूच. "हात आतच होता ना माझा. ओलं लागलं होतं."

"ओलं लागलं होतं? मग ओतलंस कशाला?"

"तू थाप दिलीस ना." तिने दोरा दातांनी तोडला. "मी म्हटलं, ही ऐकू येणारी बाई म्हणतेय सुकलंय, आणि माझ्या हाताला ओलं लागतंय. म्हणजे कान गेले, आता हातही गेले. मग राहिलंच काय? घरी येऊन बसले मी खुर्चीत. उठावंसंच वाटेना."

मी तिला उशी दिली होती पाठीला. मी खूश होते.

"मग पाकिटं परत आली," ताई म्हणाली, आणि हसली बरं का, चक्क हसली. "सगळ्यांची तोंडं उतरलेली, मामा बिचारे थरथरतायत, आणि मला आतून असा आनंद झाला म्हणून सांगू. ओलंच होतं की मेलं! माझा हात शाबूत होता. नाचावंसं वाटलं मला."

मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. माफ कर, माफ कर, एवढंच येत होतं तोंडातून. तिने मला रडू दिलं. मग सुई कापडात खोवून ठेवली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. पुरती बसली, पाय पसरून.

"साहेबांना नाही सांगितलंस ते ठीक. नोकरीचा प्रश्न होता," ती म्हणाली. "मामांच्या वेळी गप्प बसलीस, तेही एक वेळ समजू शकते. पण ते दहा दिवस मला तरी सांगायचं होतंस गं, धाकटे."